स्टेशनजवळचा प्री-कन्स्ट्रक्शन काँडो घ्यावा का? टोरांटोकरांनो, सल्ला हवाय

धुक्यातली_वाट

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा, ईस्ट यॉर्कमधे भाड्याने राहतो, दोघांचंही पीआर (कायम राहायचा परवाना) झालंय. थॉर्नक्लिफ पार्कला ऑन्टारियो लाइनचं, म्हणजे नव्या मेट्रोचं, स्टेशन होणार आहे तिथून चालत सात-आठ मिनिटांवर एक टॉवर येणारे. त्यातला काँडो, म्हणजे फ्लॅट, बांधायच्या आधीच बुक करायचा, अजून जागेवर जुनी दुकानंच उभी आहेत. वन प्लस डेन (एक बेडरूम आणि एक छोटी जादा खोली), ६१० स्क्वेअर फूट, किंमत साडेसहा लाख डॉलर. डिपॉझिट २० टक्के, पण ते टप्प्याटप्प्याने द्यायचं, शेवटचे ५ टक्के ताबा मिळताना. एजंट म्हणतोय की चार वर्षांनी बिल्डिंग तयार होईल तेव्हाच मेट्रो पण सुरू होईल आणि मग हाच काँडो या भावात बघायलाही मिळणार नाही. नवरा म्हणतो घेऊया, आत्ता सगळे पैसे द्यायचे नाहीयेत ना. मला कुठेतरी पटत नाहीये पण नक्की काय पटत नाहीये तेही सांगता येत नाही. कोणी असं घेतलंय का? काय बघायचं, काय विचारायचं?

तिरकीट

स्वागत. एजंटच्या "बिल्डिंग आणि मेट्रो एकदमच" या वाक्यावर आधी पोटभर हसून घेतो आणि मग लिहितो.

एग्लिंटन क्रॉसटाउन या लाइट रेल लाइनचं काम २०११ ला सुरू झालं, २०२० मधे गाड्या धावणार होत्या. २०२५ मधे सुद्धा टेस्टिंगच चालू होतं. १९ किलोमीटर, २५ स्टेशनं. त्या काळात एग्लिंटनवर "क्रॉसटाउनच्या दारात" अशी जाहिरात करून किती टॉवर विकले गेले याची गणतीच नाही, लोक राहायला आले, काहींनी विकून टाकले आणि दुसरीकडे गेले पण. ऑन्टारियो लाइन पहिल्यांदा जाहीर केली तेव्हा २०२७ म्हणाले होते, आता २०३० च्या पुढची भाषा आहे. मी काही लाइनच्या विरोधात नाहीये, ती होणारच, बोगद्याची कामं चाललीच आहेत. पण तुमचं क्लोजिंग (पैसे भरून घर नावावर होणं) ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी बँक आणि बिल्डर तुमच्याकडे पैसे मागणार, लाइन बांधणाऱ्या मेट्रोलिंक्सला कोणी विचारणार नाही.

पावशेर

ताई, घाबरू नका. मार्केट खाली असतानाच घ्यायचं असतं. ट्रान्झिटजवळची प्रॉपर्टी कधीच पडत नाही. माझ्याकडे प्लॅटिनम अॅक्सेस आहे, म्हणजे इतरांच्या आधी बुकिंग, पार्किंग फ्री, असाइनमेंट (क्लोजिंगआधी करार दुसऱ्याला विकणं) फ्री, लेव्हीज (बिल्डर वसूल करतो ती सरकारी शुल्कं) कॅप्ड. इनबॉक्स करा, सगळं समजावून सांगतो.

तिरकीट

आले बघा.

"ट्रान्झिटजवळची कधीच पडत नाही" म्हणे. पावशेरराव, स्कारबरोची लाइन ३ आठवते का? २४ जुलै २०२३ ला एलिसमेअरपाशी डबा घसरला आणि लाइन परत सुरूच झाली नाही, तिथे बस लावून दिली. नवीन सबवे येतेय पण तिचंही काम या दशकाच्या शेवटपर्यंत चालणार. म्हणजे होणारी सोडा, असलेली लाइनसुद्धा जाऊ शकते.

भटकभवानी

मी थोडं दुसऱ्या बाजूने लिहिते, नाहीतर इथे सगळे नन्नाचा पाढा लावतील.

आम्ही वॉन मेट्रोपॉलिटन सेंटरला (व्हीएमसी) राहतो. सबवे तिथे डिसेंबर २०१७ मधे आली. आम्ही घेतलं तेव्हा आजूबाजूला मोकळं मैदान, एक मोठं फर्निचरचं दुकान आणि वारा. आता दोन्ही गाड्यांपैकी एक विकून टाकली, मी डाउनटाउनला साधारण पाऊण तासात बसून जाते, पहिलंच स्टेशन असल्यामुळे सीट मिळतेच मिळते आणि हिवाळ्यात हायवे ४०० वर अडकायचा प्रश्न नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून वायआरटी (आमच्या भागातली बस) आणि टीटीसीला (टोरांटोची बस-सबवे) वेगवेगळं भाडंही द्यावं लागत नाही. स्टेशनजवळ राहण्यातलं सुख खरं आहे, ते खोटं कोणी म्हणू नये.

पण आम्ही घेतलं तेव्हा स्टेशनचं छप्पर डोळ्यांना दिसत होतं. नकाशावरची तुटक रेघ बघून घेतलं नव्हतं.

नाना_स्कारबरो

भटकभवानी, तुझ्याच परिसरातली गोष्ट सांगतो कारण ती या धाग्याला अगदी लागू आहे. २०१८ च्या एप्रिलमधे व्हीएमसीपाशी कॉसमॉस नावाचा प्रोजेक्ट रद्द झाला, तीन टॉवर, हजाराच्या वर युनिट्स. सबवे सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. लोकांना डिपॉझिट परत मिळालं, कायद्याने ते मिळतंच, पण मधल्या काळात भाव एवढे चढले होते की त्याच पैशात तसं घर कुठेच मिळेना. म्हणजे लाइन आली तर घरच आलं नाही.

धुक्यातली_वाट, तुम्हाला एक काम सांगतो. अॅग्रीमेंटच्या सगळ्यात वरती टॅरिअनचं (नवीन घरांची वॉरंटी बघणारी संस्था) माहितीपत्रक जोडलेलं असतं, २०२० पासून ते सक्तीचं आहे. त्यात झोनिंग मंजूर झालंय की नाही, बांधकाम कधी सुरू होणार आणि बिल्डर कोणकोणत्या अटींवर करार मोडू शकतो हे लिहिलेलं असतं. त्याला अर्ली टर्मिनेशन कंडिशन्स म्हणतात. अमुक टक्के विक्री झाली नाही तर, बँकेचं कर्ज मिळालं नाही तर, परवानगी मिळाली नाही तर, आणि प्रत्येक अटीपुढे तारीख असते. ते पान तुम्हाला दाखवलं का? सेल्स ऑफिसात त्या पानावर फार वेळ थांबत नाहीत, तिथे क्वार्ट्झ काउंटरटॉपचे नमुने जास्त आवडीने दाखवतात.

सध्या विक्रीची अट फार महत्त्वाची. २०२४ मधे जीटीएत (टोरांटो आणि आसपासच्या भागात) नवीन काँडोंची विक्री १९९० च्या दशकानंतर सगळ्यात कमी झाली, २०२५ त्याहून वाईट गेलं. म्हणजे बिल्डरला सत्तर टक्के युनिट्स विकायचीत आणि ती विकली जात नाहीयेत, तर तुमचे पैसे तिथे पडून राहणार आणि तुम्ही तोपर्यंत भाडं भरत राहणार.

दुसरं, बिल्डरचं नाव एचसीआरएच्या (बिल्डरांना लायसन देणारी संस्था) डिरेक्टरीत टाकून बघा. लायसन आहे का, आधी किती घरं बांधली, काही कारवाई झाली का, सगळं फुकट दिसतं.

आळशी_बोका

सगळे बिल्डरबद्दल बोलतायत पण माझ्या मेहुण्याला त्रास बिल्डरने दिलाच नाही, बिल्डरने बिल्डिंग व्यवस्थित बांधून दिली, थोडा उशीर झाला तेवढाच. त्रास झाला तो अप्रेझलचा, म्हणजे बँकेने काढलेल्या घराच्या किमतीचा.

थांबा, ताईंच्याच आकड्यांवर दाखवतो म्हणजे कळेल. साडेसहा लाखाला बुक केलं, २० टक्के म्हणजे १ लाख ३० हजार भरले. क्लोजिंगच्या वेळी बँकेचा माणूस येऊन म्हणाला आजची किंमत ५ लाख ४० हजार. बँक कर्ज देणार ते ५ लाख ४० हजाराच्या ८० टक्के, म्हणजे ४ लाख ३२ हजार. बिल्डरला द्यायचे राहिले ५ लाख २० हजार. मधले ८८ हजार कोण देणार? तुम्ही. रोख. शिवाय लँड ट्रान्सफर टॅक्स, वकील, लेव्हीज वेगळं. आणि नाही देऊ शकलात तर डिपॉझिट जातंच, वर बिल्डर ते युनिट दुसऱ्याला कमी भावात विकून उरलेल्या फरकासाठी तुमच्यावर केस करू शकतो. ही गोष्ट लोकांना माहितीच नसते, त्यांना वाटतं जास्तीत जास्त काय, डिपॉझिट जाईल.

२०२१-२२ मधे ज्यांनी बुक केलं त्यांचं नेमकं हेच झालं. बुक करताना बँक ऑफ कॅनडाचा रेट ०.२५ टक्के, ताबा मिळेपर्यंत जुलै २०२३ मधे ५ टक्के. स्ट्रेस टेस्ट (दर वाढला तरी हप्ता झेपेल का ही बँकेची तपासणी) तर तुमच्या कर्जाच्या दरावर आणखी २ टक्के धरून करतात. तेव्हा पात्र असलेला माणूस आता पात्रच नाही. मेहुण्याने सासऱ्यांकडून पैसे उसने घेतले, आता घरात तो विषय काढायचा नाही असा अलिखित नियम आहे.

धुक्यातली_वाट

बापरे, ८८ हजार! हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. एजंट म्हणाला होता बँकेकडून प्री-अप्रूव्हल घेऊन ठेवू म्हणजे काळजी नाही.

आळशी_बोका

प्री-अप्रूव्हलचा रेट साधारण १२० दिवस टिकतो हो. काही बँका बिल्डरबरोबर ठरवून जास्त काळाचं देतात, पण त्यातही ताबा मिळताना तुमचा पगार, नोकरी, बाकीची कर्जं आणि घराची किंमत नव्याने बघतातच. चार वर्षांनंतरच्या कर्जाची हमी आज कोणी देत नाही.

कागदी_वाघ

मी एका लॉ ऑफिसात क्लार्क आहे, वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नये वगैरे वगैरे. पण रोज हीच अॅग्रीमेंटं हातात येतात म्हणून लिहिते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इंटरिम ऑक्युपन्सीचा. टोरांटोत नवीन काँडोत राहायला जाणं आणि घर नावावर होणं हे दोन वेगवेगळे दिवस असतात. बिल्डिंग रजिस्टर व्हायच्या आधी तुम्हाला किल्ली मिळते, त्या मधल्या काळात तुम्ही बिल्डरला महिन्याला ऑक्युपन्सी फी देता. त्यात तीन गोष्टी असतात, उरलेल्या रकमेवरचं व्याज, अंदाजे प्रॉपर्टी टॅक्स आणि मेंटेनन्स. लोक त्याला फँटम रेंट म्हणतात. तुमच्या केसमधे उरलेले ५ लाख २० हजार, व्याज सहा टक्के धरा, झाले महिन्याचे २,६०० फक्त व्याजाचे. त्याच्यावर मेंटेनन्स आणि टॅक्स. यातला एक डॉलरही मुद्दलात जात नाही. खालच्या मजल्यावरच्यांना ताबा आधी मिळतो म्हणून त्यांना हे जास्त महिने भरावं लागतं, वरच्यांना कमी. खालचा मजला स्वस्त असतो त्याचं एक कारण हेही आहे, पण ते ब्रोशरमधे येत नाही.

तारखांबद्दल. अॅग्रीमेंटला टॅरिअनचं स्टेटमेंट ऑफ क्रिटिकल डेट्स असतं. त्यात पहिली टेंटेटिव्ह तारीख आणि सगळ्यात शेवटची आउटसाइड ऑक्युपन्सी डेट असते, फर्म तारीख नंतर ठरते. एजंट पहिली सांगतो, तुम्ही शेवटची वाचा. मधल्या काळात बिल्डर नियमात राहून नोटीस देऊन तारीख पुढे ढकलू शकतो आणि त्याचे तुम्हाला काही मिळत नाहीत. फर्म तारीख चुकली तर भरपाई मिळते पण ती दिवसाला १५० डॉलर आणि एकूण ७,५०० पर्यंतच. म्हणजे पन्नास दिवसांत संपली.

डिपॉझिटबद्दल. काँडोला टॅरिअनचं संरक्षण २० हजारांपर्यंत आहे, पण त्याच्या वरचे पैसे उघड्यावर नसतात, काँडोमिनियम अॅक्टखाली ते ट्रस्टमधे ठेवावे लागतात किंवा त्यांचा विमा उतरवावा लागतो. म्हणून चेक नेहमी अॅग्रीमेंटमधे लिहिलेल्या ट्रस्ट अकाउंटच्या नावानेच द्या. आणि अपग्रेडसाठी वेगळे पैसे देत असाल तर ते कुठे जातात, प्रोजेक्ट बुडाला तर त्यांचं काय, हे आधी विचारा.

रेघोट्या

कागदी_वाघ यांची पोस्ट प्रिंट काढून ठेवा खरं तर.

मी बांधकामातला माणूस, मला कागदातलं कमी कळतं पण साइटवरचं सांगतो. सात-आठ मिनिटं म्हणजे नकाशावरची का पायाची? सेल्स ऑफिसवाले स्टेशनच्या जागेच्या कडेपासून बिल्डिंगच्या प्लॉटच्या कडेपर्यंत मोजतात. स्टेशनचं प्रवेशद्वार कुठल्या बाजूला येणार ते मेट्रोलिंक्सच्या नकाशात बघा, मग लिफ्टने खाली यायचा वेळ धरा (चाळीस मजली टॉवरला लिफ्ट किती आहेत ते विचारा, सकाळी आठ वाजता तोच खरा प्रवास), रस्ता ओलांडायचा सिग्नल धरा आणि मग जानेवारीत स्ट्रोलर ढकलत चालून बघा. थॉर्नक्लिफला तर ऑन्टारियो लाइन जमिनीच्या वरून जाणार आहे, खांबांवरून, त्यामुळे कुठल्या मजल्यावरून कुठल्या दिशेला खिडकी उघडते हेही बघावं लागेल. जवळ असणं चांगलं पण बेडरूमच्या समोर असणं वेगळं.

अॅग्रीमेंटमधे "वॉर्निंग क्लॉज" शोधा. रेल्वेच्या ३०० मीटरच्या आत असलात तर आवाज आणि कंपनं होतील, पुढे सेवा वाढेल, त्याबद्दल रेल्वेवर दावा करता येणार नाही असं लिहिलेलं असतं. ते पेपरमधे आहे म्हणजे घाबरायचं असं नाही, जवळपास सगळ्याच स्टेशनजवळच्या घरांना असतं, पण माहिती असावं. आणि लाइन व्हायच्या आधी तिचं बांधकाम असतं. तुम्हाला ताबा आधी मिळाला तर बंद लेन, क्रेन, धूळ आणि वळवलेल्या बसेस हेच तुमचं ट्रान्झिट.

पार्किंग. टोरांटोने २०२१ च्या शेवटी नवीन बिल्डिंगांना अमुक इतकं पार्किंग हवंच ही अट काढून टाकली. त्यामुळे आता स्टेशनजवळच्या टॉवरमधे छोट्या युनिट्सना पार्किंग विकतच नाहीत किंवा वेगळी भरमसाठ किंमत लावतात. मेट्रो उशिरा आली आणि पार्किंगही नाही अशी मधली काही वर्षं कशी काढणार याचा विचार आत्ताच करा, लहान मूल आहे, डेकेअर आहे, क्लिनिकच्या चकरा आहेत.

पावशेर

एवढी भीती घालायची काही गरज नाही. सगळे असेच बोलत राहिले असते तर लिबर्टी व्हिलेज, सिटीप्लेस हे काँडोंचे भाग झालेच नसते. ज्यांनी तिथे सुरुवातीला घेतलं ते आज बघा.

नाना_स्कारबरो

पावशेर, मुद्दा चुकीचा नाही तुमचा. दोन हजारच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं ज्यांनी घेतलं त्यांचं भलं झालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तेव्हा प्री-कन्स्ट्रक्शनचा भाव बाजूच्या रीसेलपेक्षा (परत विकायला आलेल्या जुन्या घरांपेक्षा) कमी असायचा, थांबायची किंमत म्हणून सवलत मिळायची. गेल्या काही वर्षांत ते उलटं झालं. नवीन न बांधलेला काँडो बाजूच्या पाच-सात वर्षं जुन्या काँडोपेक्षा दर स्क्वेअर फुटाला महाग. थांबायचं तुम्ही, जोखीम तुमची, आणि वर जास्त पैसे पण तुम्हीच द्यायचे. हे का करायचं ते मला कोणी समजावून सांगत नाही.

ताई, तुमच्या ६१० फुटाला साडेसहा लाख म्हणजे फुटाला १,०६५ च्या आसपास पडतंय. थॉर्नक्लिफ, फ्लेमिंग्डन, डॉन मिल्स भागात रीसेलला त्या पैशात काय मिळतं ते एकदा नवऱ्याला घेऊन बघून या. जुन्या बिल्डिंगमधे खऱ्या दोन बेडरूम, दार असलेलं स्वयंपाकघर आणि पार्किंग मिळेल. मेंटेनन्स जास्त असेल हे खरं, पण तो आज दिसतो. नवीन बिल्डिंगचा पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स बिल्डरने अंदाजाने लिहिलेला असतो, रिझर्व्ह फंडचा (मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखून ठेवलेल्या पैशाचा) अभ्यास झाला की तो चढतो. आणि रीसेलला स्टेटस सर्टिफिकेट मागवता येतं, बिल्डिंगची आर्थिक तब्येत कागदावर कळते. स्टेशन पुढेमागे आलं तर त्याचा फायदा त्या जुन्या बिल्डिंगलाही होणारच की, ते काय फक्त नवीन टॉवरसाठी येतंय?

भटकभवानी

नानांशी सहमत, पण एक भर. जुन्या बिल्डिंगमधे स्पेशल असेसमेंट (मेंटेनन्सशिवायची जादा वर्गणी) येऊ शकते, गॅरेजचं वॉटरप्रूफिंग, खिडक्या बदलणं वगैरे, आणि ती हजारांत असते. तेव्हा रीसेल म्हणजे एकदम निवांत असंही नाही. स्टेटस सर्टिफिकेट वकिलाकडून वाचून घ्यायचं, स्वतः चाळून ठेवायचं नाही.

धुक्यातली_वाट

खूप खूप आभार सगळ्यांचे, नवऱ्यालाही धागा वाचायला दिला. तो आता गप्प आहे, पण विचार करतोय असं दिसतंय. त्याचा एक प्रश्न आहे, नाहीच जमलं तर असाइनमेंट करून विकता येईल ना? एजंट "असाइनमेंट फ्री" म्हणालाय. आणि एचएसटी (विक्रीकर) किमतीत धरलाय म्हणाला, ते बरोबर आहे का?

कागदी_वाघ

"असाइनमेंट फ्री" म्हणजे बहुतेक वेळा फी नाही एवढंच. बिल्डरची परवानगी लागतेच, आणि अनेक अॅग्रीमेंटमधे ठरावीक टक्के युनिट्स विकली गेल्याशिवाय परवानगी देत नाहीत, एमएलएसवर (एजंटांच्या सामायिक यादीत) जाहिरात करू देत नाहीत. शिवाय नवीन माणसाने क्लोज केलं नाही तर बिल्डर परत तुमच्याकडे येऊ शकतो, ते कलम वाचा. ७ मे २०२२ पासून असाइनमेंटवर एचएसटी लागतो, तो नफ्याच्या भागावर. आणि घर नावावर होऊन वर्षाच्या आत विकलं तर फ्लिपिंगचा नियम लागतो, नफा पूर्ण बिझनेस इन्कम धरतात, नोकरी गेली, घटस्फोट झाला वगैरे काही कारणांना सूट आहे. मुळात आत्ता असाइनमेंटला गिऱ्हाईक मिळायला हवं, तोट्यात द्यायला तयार असलेलेच रांगेत आहेत.

एचएसटीचं असं की किमतीत धरलेला असतो तो रिबेट (कराचा परतावा) बिल्डरला मिळणार हे गृहीत धरून. तुम्ही स्वतः राहायला जाणार असाल तर ठीक. भाड्याने देणार असाल तर रिबेटची रक्कम क्लोजिंगला तुम्हाला भरावी लागते, ऑन्टारियोचा भाग एकट्याचा २४ हजारांपर्यंत जातो, आणि मग वर्षाचं लीज दाखवून नंतर परत मागायची. ते पैसे काही महिने अडकतात. शिवाय २०२५ मधे फेडरल सरकारने पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी नवीन घरावरचा जीएसटी परत द्यायचं जाहीर केलंय, तुम्ही दोघंही पहिल्यांदाच घेताय तर ते तुम्हाला लागू होतं का आणि तो फायदा तुम्हाला मिळतोय की बिल्डरला, हे वकिलाला नेमकं विचारा.

आणि लेव्हीजवर कॅप लेखी हवी. डेव्हलपमेंट चार्जेस, पार्क लेव्ही, मीटर जोडणी, हे सगळं क्लोजिंगच्या हिशेबात "अॅडजस्टमेंट्स" नावाखाली येतं. कॅप नसेल तर तिथे काय आकडा येईल याला अंत नाही. तोंडी "कॅप्ड आहे" म्हणतात ते अॅमेंडमेंटमधे आणा.

तिरकीट

अजून एक. बिल्डर आणि स्टेशन एकमेकांत गुंतलेले असले तर दुप्पट सावध राहा. मिमिको गो (उपनगरी रेल्वे) स्टेशनचं उदाहरण बघा, तिथे बिल्डरने टॉवर बांधायचे आणि बदल्यात नवीन स्टेशन करून द्यायचं असं ठरलं होतं. तो बिल्डर रिसीव्हरशिपमधे गेला, म्हणजे कर्ज थकल्याने कारभार कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे गेला. टॉवरही लटकले, स्टेशनही लटकलं.

धुक्यातली_वाट

एक गोष्ट लपवली नाही पाहिजे. आम्ही शनिवारी सही केलीये. म्हणूनच तर मला झोप लागत नव्हती. कूलिंग ऑफचे, म्हणजे करार रद्द करायचे, दहा दिवस असतात ना? ते कधीपासून मोजायचे?

कागदी_वाघ

अगं मग आधी सांगायचंस ना! बरं, घाबरू नकोस, वेळ आहे.

दहा दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. मोजायला सुरुवात होते ती सगळे कागद मिळाल्यानंतर, म्हणजे दोन्हीकडची सही झालेलं अॅग्रीमेंट, डिस्क्लोजर स्टेटमेंट आणि काँडो अथॉरिटीची बायर्स गाइड, यातलं जे शेवटी मिळालं त्या दिवसापासून. बिल्डरची सही झालेली प्रत कधी आली ते ईमेलमधे बघ. तरी जवळचीच तारीख धरून चाल, उगाच ताणू नकोस. रद्द करायचं तर लेखी, बिल्डरला किंवा त्याच्या वकिलाला, मुदतीच्या आत पोचलं पाहिजे आणि पोचल्याचा पुरावा तुझ्याकडे हवा. एजंटला फोन करून सांगितलं तर ते रद्द होत नाही. कारण द्यावं लागत नाही, पूर्ण पैसे परत मिळतात.

उद्याच एखाद्या काँडोचं काम करणाऱ्या रिअल इस्टेट वकिलाला गाठ, एजंटने सुचवलेला नको. कागद आधीच ईमेल करून ठेव.

धुक्यातली_वाट

बिल्डरची सही असलेली प्रत सोमवारी आलीये. वकिलाची उद्या दुपारची वेळ मिळाली. नवरा म्हणतोय टर्मिनेशनच्या अटी आणि लेव्हीजची कॅप यावर बिल्डर लेखी काही देत असेल तरच पुढे, नाहीतर रद्द करू आणि या वीकेंडला नानांनी सांगितलं तसं रीसेल बघायला जाऊ.

नाना_स्कारबरो

उत्तम. रीसेल बघायला जाताना बसने जा, गाडीने नको.

मीठभाकर

धाग्यात घुसल्याबद्दल माफी. आम्ही अजून वर्क परमिटवर आहोत, परमिट २०२७ पर्यंत आहे, पीआरचा अर्ज टाकलाय. आम्हाला असं प्री-कन्स्ट्रक्शन घेता येतं का? क्लोजिंगपर्यंत पीआर होईलच असं मित्र म्हणतात. वेगळा धागा काढू का?

कागदी_वाघ

इथेच विचारा, विषय तोच आहे.

परदेशी खरेदीदारांवरची फेडरल बंदी १ जानेवारी २०२७ पर्यंत आहे, पण वर्क परमिटवाल्यांना त्यात सूट आहे, खरेदीच्या वेळी परमिटचे निदान १८३ दिवस शिल्लक हवेत आणि एकच घर घेता येतं. तो अडथळा पार झाला तरी टॅक्स वेगळा. ऑन्टारियोचा नॉन-रेसिडेंट स्पेक्युलेशन टॅक्स २५ टक्के, आणि घर टोरांटो शहराच्या हद्दीत असेल तर २०२५ पासून शहराचा १० टक्के त्याच्यावर. हा टॅक्स क्लोजिंगच्या दिवशी तुमचं स्टेटस काय आहे त्यावर ठरतो. तोवर पीआर झालं असेल तर लागत नाही, नसेल झालं तर सहा लाखाच्या घरावर २ लाख १० हजार त्या दिवशी भरायचे. नंतर चार वर्षांच्या आत पीआर झालं आणि त्या घरात राहत असाल तर प्रांताचा टॅक्स परत मागता येतो, पण आधी भरायला पैसे हवेत. दोघांपैकी एकजण जरी पीआर किंवा सिटिझन असेल आणि नवरा-बायको मिळून घेत असाल तर गणित वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणाचं काय आहे ते लिहा, मग पुढचं सांगते.